मुठीतली वाफ

ताराचंद बोरकर निर्दोष नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण तो स्वतः ओळख झाल्यावर दुसऱ्या मिनिटाला ते सांगायचा.

गोंदियापलीकडच्या आमच्या बालाघाटात जेलमध्ये गेलेला प्रत्येक माणूस फसवला गेलेला असतो. कोणाला साहेबानं फसवलं, कोणाला साल्यानं, कोणाला नशिबानं. स्वतःच्या अकलेनं आत गेलेला माणूस मी तरी इथे पाहिला नव्हता, ताराचंद येईपर्यंत. परदेशात नशेचा माल नेताना तो पकडला गेला आणि अकरा वर्षं तिकडच्या तुरुंगात काढून परत आला. गोंदियाहून येणाऱ्या गाडीनं तो उतरला तेव्हा स्टेशनवर त्याचा मेहुणा दिलीप हार घेऊन उभा होता. आम्ही शेजारीपाजारीही गेलो होतो. दिलीपनं हार घातला आणि जमलेल्या लोकांकडे वळून भाषणाच्या सुरात म्हणाला, "आमच्या भाऊजीले एजंटनं फसवलं. बिचाऱ्याले मालूमच नोहतं का थैलीत काय हाये."

ताराचंद इतका वाळला होता की हार पोटापर्यंत लोंबत होता. तो म्हणाला, "अबे दिलप्या, खोटं काहून बोलून राह्यला? मले मालूम होतं ना सारं."

दिलीपचा चेहरा पडला. त्याला वाटलं आता हारही काढून परत देतो की काय. पण ताराचंदनं हाराचा वास घेतल्यासारखं केलं आणि म्हणाला, "हार राहू दे. भल्ला चांगला हाये." मग रिक्षात बसला.

मी त्यांची शेजारीण. आमच्या दोन घरांत एकच भिंत. तीस वर्षं सिंचन खात्यात कारकुनी केली आणि निवृत्तीनंतर लोकांच्या भानगडीत लक्ष घालायला मोकळी झाले. ताराचंदची बायको पंचशीला त्याला पत्र लिहायची, तेव्हा पाकिटावरचा इंग्रजी पत्ता माझ्याकडून लिहून न्यायची. त्यामुळे तो देश कोणता हे मला पक्कं ठाऊक आहे. पण ताराचंदनं त्याचं नाव कधी तोंडातून काढलं नाही, तो फक्त 'तिकडं' म्हणायचा. मग मी तरी इथे कशाला लिहू?

जायच्या आधी तो वारासिवनीच्या एका राइस मिलमध्ये परखीवाला होता. परखी म्हणजे लोखंडाची पोकळ टोकदार नळी. पोत्यात खुपसली की मधल्या धानाची मूठभर वानगी बाहेर येते. परखी कोणीही खुपसू शकतो. पण त्यानंतर ताराचंद जे करायचा ते बघायला लोक थांबायचे. तळहातावर धान चोळायचा, फुंकर मारून तूस उडवायचा, उरलेले दाणे मुठीत बंद करून अंगठ्याच्या फटीतून आत तोंडाची वाफ सोडायचा आणि मूठ नाकाशी न्यायचा. डोळे मिटायचा. मग सांगायचा: आमचा सुवासाचा चिन्नोर आहे, यंदाचा आहे, किरनापूरकडचा आहे आणि याच्या शेजारी कोणीतरी मिरच्या ठेवल्या होत्या. हे मिरच्यांचं मला खोटं वाटायचं, पण व्यापारी मान खाली घालायचे.

आता असा माणूस नशेचा माल घेऊन का गेला? मी एकदा सरळ विचारलं. तो म्हणाला, "हाव होती बाई. अन् इमानात बसून उडाचं होतं. दोनी संगंच जमून राह्यलं होतं, मंग कोन सोडते?"

आणि पकडला गेला तो ज्या मूर्खपणानं, तसा मूर्खपणा आमच्याच जिल्ह्यातला माणूस करू जाणे. एजंटनं त्याला पाच किलो तांदळाची थैली दिली होती. माल आत खोल दडवलेला, वरून तांदूळ. घरी आणून ताराचंदनं थैली उघडून पाहिली. मालाकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही, पण तांदूळ बघून त्याचं डोकं फिरलं. साधी कणकी होती, नुसता तुकडा. बालाघाटचा माणूस परदेशात कणकी घेऊन जातो? उद्या कोणी थैली उघडली तर काय म्हणेल? त्यानं ती कणकी कोंबड्यांना टाकली आणि घरात सणासुदीसाठी ठेवलेला अस्सल चिन्नोर त्या थैलीत भरला.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय! तिकडं इमानतळावर लाइनीत उभा होतो. कुत्रं आलं, हुंगून निंगून गेलं. कुत्र्याले काईच समजलं नाई. पन तो देश भात खानाऱ्यायचा ना बाई! टेबलावर जो साहेब होता, त्याचं नाक फुललं. त्यानं दुसऱ्याले बोलावलं, दुसऱ्यानं तिसऱ्याले. तिघंई थैलीवर वाकून वास घेऊन राह्यले अन् हासून राह्यले. मलेबी बरं वाटलं. मंग एकानं दाने पाहासाठी आत कोपरापावतर हात घातला."

हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप असायला हवा होता, पण असायचा अभिमान. "कणकी असती ना, तर कोनी हात लावला नसता," तो म्हणायचा, आणि हे तो चिन्नोरचं कौतुक म्हणून सांगायचा.

तुरुंगाबद्दल तो असा बोलायचा की जणू एखाद्या लग्नात जेवणाची व्यवस्था नीट नव्हती. चाळीस माणसं एका खोलीत, एका कुशीवर झोपायची. कूस बदलायची तर अख्ख्या रांगेनं एकदम बदलायची. "इथं आमच्या वार्डात चार मानसं एका मतानं चालत नाई," तो म्हणायचा, "तिकडं चाळीस मानसं झोपेतबी एकमतानं पलटत." वेताचे फटके, पावसाळ्यात खोलीत साचणारं पाणी, आजारी पडून बाहेर गेलेली आणि परत न आलेली माणसं, हे सगळं तो बोलता बोलता मधूनच सांगून टाकायचा आणि पुढे जायचा. आपण तिथेच अडकून राहायचो.

एक गोष्ट मात्र त्यानं सांगितली नाही, मला दिसली. तो आल्यावर आठवड्याभरातच मी सकाळी कुकर लावला. पहिली शिट्टी झाली आणि खिडकीतून दिसलं, की भिंतीपलीकडे अंगणात ताराचंद उकिडवा बसलाय, दोन्ही हात मानेमागे, नजर जमिनीकडे. तिकडे शिट्टी वाजली की कैद्यांना मोजणीसाठी असं बसावं लागायचं, हे पंचशीलाकडून नंतर कळलं. दुसरी शिट्टी होईपर्यंत तो हलला नाही. पंचशीला बाहेर आली, त्याच्या शेजारी जमिनीवर बसली आणि तांदूळ निवडत राहिली, जणू दोघं रोजच तिथे असे बसतात. दुपारी ती माझ्याकडे आली. "ताई, तेवढा कुकर..." एवढंच म्हणाली. मी कुकर माळ्यावर टाकला. तेव्हापासून मी गंजात, म्हणजे साध्या पातेल्यात, भात शिजवते आणि दर दोन दिवसांनी करपवते. कारकुनी करून आलेल्या बाईला हे वय होतं का नवीन शिकायचं? पण त्या माणसाला तसं बसलेलं मला पुन्हा बघवलं नसतं.

रविवारी तो विहारात वंदनेला जायचा. पंचशील म्हणताना पाचव्या शीलाशी आला की त्याचा आवाज सगळ्यात वर चढायचा. ते शील नशेपासून दूर राहायचं. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. एकदा एका म्हाताऱ्यानं त्याला हटकलं, की तू तरी हे मोठ्यानं म्हणू नकोस. ताराचंद म्हणाला, "काका, माह्यावालं पाचवं शील मोडलं, त्याचा निकाल लागला, सजा भोगून मोकळा झालो. तुमच्या बाकीच्या चारीची केस तर अजून उभीच राह्यली नाई." त्या म्हाताऱ्यानं पुढचे दोन रविवार दांडी मारली.

मिलच्या शेटजींनी त्याला परत कामावर घेतलं, आणि दयेनं नव्हे. अकरा वर्षांत त्यांना तसं नाक मिळालं नव्हतं. पंचशीलाही त्याच मिलमध्ये होती, तो गेल्यापासून साफसफाईला. दोघं सकाळच्या बसनं बरोबर जायचे. परखी करताना ताराचंदला हटकून तहान लागायची. त्याची मूठ नाकाशी गेली की पंचशीला पाण्याचा ग्लास घेऊन यायची, क्षणभर त्याच्यावर वाकायची, ग्लास ठेवायची आणि जायची. मग तो निकाल द्यायचा. सगळे म्हणायचे, काय प्रेम आहे. मीही म्हणायची. सरकारी माणसाचं निरीक्षण म्हणजे असंच.

खरं काय ते मला कळलं एका दुपारी. मी वाटी परत द्यायला त्यांच्याकडे गेले, दारातच गॅसचा भपकारा आला. सिलिंडर गळत होतं. आत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात ताराचंद आरामात बसला होता, ओठात बिडी, हातात काडेपेटी. मी जी किंचाळले ती दोन गल्ल्यांना ऐकू गेली असेल. काडेपेटी हिसकावली, सिलिंडर बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि मग त्याच्यावर ओरडले, "नाक आहे की काय आहे? एवढा वास सुटलाय!"

त्यानं ओठातली बिडी काढून कानामागे खोचली.

"नाई ना, बाई," तो म्हणाला. "नाक तिकडंच राह्यलं."

मग त्यानं सांगितलं. तुरुंगात भात यायचा तो लाल, कुबट, खड्यांचा. ह्याच्या नाकाची कीर्ती तिथेही पसरली होती. कोणतं पोतं बुरशीचं, कोणतं खाल्लं तर जुलाब लागतील, हे तो सांगायचा आणि कैदी त्याप्रमाणे उपाशी राहायचे किंवा जेवायचे. सातव्या वर्षी मोठ्या साहेबानं त्याला कोठारात बोलावलं आणि पोती दाखवून विचारलं, हा तांदूळ कसा आहे? कोठारावरचा शिपाई मागेच उभा होता. चांगला तांदूळ परस्पर बाहेर विकून सडका आत भरायचा उद्योग त्याचाच होता. 'बरा आहे' एवढंच म्हणायचं होतं.

"अन् तुम्ही काय म्हणालात?"

"जे होतं ते. हातात तांदूळ घेऊन खोटं कसं बोलू?" तो म्हणाला. "साहेब गेला, अन् त्या शिपायानं दंडा घेतला. सरळ नाकावर. दोनदा."

मला एकदम त्याची पत्रं आठवली. पंचशीला ती मला वाचून दाखवायची. प्रत्येकात त्या महिन्याच्या तांदळाचा शेरा असायचा: मागच्यापेक्षा वाईट, खडे पुष्कळ, जुना दोन वर्षांचा. सातव्या वर्षानंतर तांदळाचा विषय बंद झाला. नुसतं 'तब्येत ठीक आहे'. मी म्हणाले होते, सवय झाली असेल. पंचशीलानं पत्राची घडी करून कमरेला खोचली होती. आता ताराचंदनं सांगितलं, तसलं पहिलं पत्र आलं तेव्हापासूनच ती मिलमध्ये आपलं नाक तयार करायला लागली होती. झाडता झाडता, कोणी बघत नसताना, मुठीत दाणे धरून. नवऱ्याला काय झालंय हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. पण तो तांदळाबद्दल गप्प झाला, यावरून तिनं ओळखलं.

ती वाकायची ती त्याच्या मुठीचा वास घ्यायला. ग्लास त्याच्या उजव्या हाताला ठेवला की माल अस्सल. डाव्या हाताला ठेवला की भेसळ. जुना-नवा, ओला-कोरडा हे तो दाताखाली दाणा फोडून अजूनही सांगायचा. सुवासाचा निकाल मात्र पंचशीलाचा.

"अहो, नशेचा माल नेला हे गावभर सांगत फिरता," मी चिडून म्हणाले, "आणि नाक गेलं हे सांगायला लाज वाटते?"

"ते आंगावर घ्याले सोपं हाये, बाई. ते मी केलतं. पन मिलमध्ये हे समजलं तं मी कोन राह्यतो? निस्ता जेलवाला. आता कसं, लोक म्हनतात परखीवाला येऊन राह्यला." मग म्हणाला, "सांगू नोका कोनाले."

नाही सांगितलं. मध्ये कोरोना येऊन गेला तेव्हा तर अर्ध्या गावाचं नाक गेलं. शेटजींचं गेलं, मुनीमजींचं गेलं. ताराचंद मोठ्या दिमाखात सगळ्यांना विचारत फिरायचा, "तुमचं आलं का वापस? नाई? अरेरे!" इतका खूश मी त्याला आधी पाहिला नव्हता.

एकदा पंचशीला तापानं पडली आणि नेमका त्याच दिवशी लालबर्‍याहून एका व्यापाऱ्याचा ट्रक आला. तिनं मला गळ घातली. नाक म्हणून मी जायचं! मिलमध्ये ग्लास घेऊन उभं राहणं मला शोभलं नसतं, म्हणून खोकल्याची खूण ठरली. एक खोकला अस्सल, दोन खोकले भेसळ. मी तांदूळ घ्यायचं निमित्त करून ताराचंदच्या शेजारी उभी राहिले. त्यानं परखी खुपसली, मूठ नाकाशी नेली आणि मग सहज दाखवावी तशी माझ्यापुढे धरली. मी वाकले. मिलचा सगळा भुसा माझ्या नाकात गेला आणि मला जी ढास लागली ती थांबेना. सहा, सात, आठ. ताराचंद आधी माझ्याकडे बघत राहिला, मग त्यानं मोजणं सोडून दिलं. मूठ तशीच धरून तो त्या व्यापाऱ्याच्या तोंडाकडे बघू लागला. त्या माणसानं घाम पुसला, हसला, पुन्हा घाम पुसला.

"ताराचंदभाऊ, खालच्या वीस पोत्यायत थोडासा..." तो म्हणाला.

"थोडासा?"

"अर्धा."

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, कसं कळलं? तो म्हणाला, "तुमच्या खोकल्यानं तं काईच समजलं नाई. मरता का काय असं वाटलं. पन तिकडं अकरा वर्ष दुसरं काय केलं? कोन खोटा हाये हे पाहातच बसलो होतो." मग लगेच म्हणाला, "हे रोज नाई चालत. पंचशीलाले लवकर बरी करा."

ती त्या वेळी बरी झाली. गेल्या हिवाळ्यात पुन्हा आजारी पडली, ती चार दिवसांत गेलीच.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या दिवशी अंगणात मांडव होता. भिंतीवर तिचा फोटो, पुढे मेणबत्त्या. भंतेजी येऊन वंदना होऊन गेली होती. पाचव्या शीलाला ताराचंदचा आवाज मला ऐकू आला नाही. मागे चुलीवर जेवण शिजत होतं. शेटजी आता थकलेत, मिल त्यांचा मुलगा बघतो. त्यानं जेवणासाठी चिन्नोरचं पोतं पाठवलं होतं आणि स्वतः येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतही होता. सरलेल्या पोत्याच्या तळातले मूठभर दाणे घेऊन तो ताराचंदपुढे आला.

"भाभी के लिए स्पेशल चिन्नोर भेजा है, ताराचंदभाऊ. एक बार देख तो लो."

पोत्यात काय आहे ते त्या मुलाला ठाऊक होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही. सगळी माणसं ताराचंदकडे बघू लागली, मिलचे हमाल, मुनीमजी, दिलीप. ताराचंदनं दाणे घेतले, मूठ बंद केली, आत वाफ सोडली आणि मूठ नाकाशी नेली. डोळे मिटले.

मग उघडले आणि सवयीनं बाजूला पाहिलं. तिथे कोणी नव्हतं.

मी पंगतीच्या पाण्याशी उभी होते. मला तांदळातलं ओ की ठो कळत नाही, पण चिन्नोर शिजायला लागला की गल्लीच्या तोंडापर्यंत वास येतो, एवढं इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मागच्या गंजांतून येत होती ती नुसती वाफ. उजवीकडे ग्लास ठेवला असता तर सगळं गोडीगुलाबीत पार पडलं असतं. मालक खूश, दिवस साजरा, ताराचंदची नोकरी शाबूत. मी ग्लास भरला, त्याच्यापर्यंत गेले. पंचशीला इतकी वर्षं रोज त्याच्या शेजारी ग्लास ठेवत आली आणि एकदाही तिनं तो चुकीच्या बाजूला ठेवला नव्हता. तिच्या फोटोसमोर मी कशी ठेवू?

मी ग्लास डावीकडे ठेवला.

ताराचंदनं ग्लासकडे पाहिलं. मग मालकाकडे. "साधा हाये," तो म्हणाला. अगदी सरळ, स्टेशनवर दिलीपला बोलला होता तसा. "चांगला हाये, पन साधा. चिन्नोर नोहे."

मालकाच्या मुलाचा चेहरा लाल झाला. मुनीमजी चपला शोधायला लागले. मग तो मुलगा मोठ्यानं हसला, हमालांवर ढकलून मोकळा झाला आणि चार लोकांत म्हणाला, "देखा? नाक तो भैया ताराचंद की है. पूरे जिले में नहीं मिलेगी."

लोकांनी माना डोलावल्या, पंगत बसली, वाढणं सुरू झालं. मी पानं मांडता मांडता मागे वळून पाहिलं. ताराचंद जेवायला बसला नव्हता. पाणी तेवढं तो प्यायला होता. मूठ अजून नाकाशी होती आणि डोळे मिटलेले. त्या मुठीतला कसलाही वास त्याला येत नव्हता, हे त्या मांडवात आम्हा दोघांनाच माहीत होतं, आणि तिसरी होती ती फोटोत.